नापोलितानला पास्ता समजून खायला जाऊ नका

गेल्या महिन्यात ऑफिसात नवीन जॉइन झालेल्या एका मुलाला मी मोठ्या हौसेने माझ्या नेहमीच्या किस्सातेनमध्ये जेवायला घेऊन गेले. आपलाच मराठी मुलगा, टोकियोत येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. त्याने नापोलितान, म्हणजे केचपमधली जपानी स्पॅगेटी, मागवलं, अर्धं खाल्लं, आणि बाहेर पडल्यावर हळूच म्हणाला, ताई, पास्ता फारच शिजला होता हो, आणि सॉस म्हणजे नुसता केचप. मला इतकं वाईट वाटलं ना, कारण तो बोलला ते शब्द न् शब्द खरं होतं आणि तरी त्याचा पूर्ण गैरसमज झाला होता, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही, मी आधी सांगायला हवं होतं. म्हणून आता नीट सगळं लिहून काढतेय, जपानला फिरायला येणाऱ्यांना आणि इथे नवीन राहायला आलेल्यांना उपयोग होईल.

आधी किस्सातेन म्हणजे काय ते. जुन्या पद्धतीचं कॉफीचं दुकान. आपल्या किश्शाशी संबंध नाही, जपानीत किस्सा म्हणजे चहा पिणं आणि तेन म्हणजे दुकान. नाव चहाचं असलं तरी सगळा जीव कॉफीत. पहिलं कॉफीचं दुकान टोकियोत उएनोला १८८८ मध्ये निघालं, पण आज आपण ज्याला जुनं किस्सातेन म्हणतो ती बहुतेक शोवा काळातली (१९२६ ते १९८९), त्यातही दुसऱ्या महायुद्धानंतरची. काही दुकानांच्या पाटीवर जुनकिस्सा असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे शुद्ध किस्सा. पूर्वी दारू आणि सोबतीला बायका असली पण किस्सा नावाची दुकानं होती, त्यांच्यापासून वेगळं ओळखू यावं म्हणून हे शुद्ध. इथे फक्त कॉफी, आणि थोडं खायला.

माझं दुकान जिंबोचोत आहे. हा टोकियोतला जुन्या पुस्तकांचा भाग, यासुकुनी रस्त्यावर आणि मागच्या गल्ल्यांत मिळून शंभरावर पुस्तकांची दुकानं, आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी रस्त्याच्या दक्षिण बाजूला, तोंड उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत येऊन पुस्तकं पिवळी पडत नाहीत. पुस्तकं घेतली की माणसाला बसून चाळायला जागा लागते, त्यामुळे या भागात जुनी किस्सातेन अजून तग धरून आहेत. माझ्या दुकानाचं नाव मी देणार नाही, मास्टरांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, दारातच कागद चिकटवलाय की कृपया नेटवर टाकू नका, दहा टेबलं आहेत आणि चालवणारी माणसं दोनच, गर्दी झेपत नाही त्यांना. पण ज्यांना जायचंय त्यांनी याच भागातली लाद्रिओ आणि साबोउरु ही दोन बघा, पहिलं १९४९ चं आणि दुसरं १९५५ चं, दोन्ही सगळ्यांना माहीत आहेत, आणि साबोउरुच्या शेजारचं साबोउरु दोन हे खास जेवणासाठी, तिथलं नापोलितान फेमस आहे आणि डोंगराएवढं येतं.

दारातून आत शिरण्याआधी बाहेरच्या काचेच्या कपाटात बघायचं. तिथे मेणाचे किंवा प्लॅस्टिकचे पदार्थ मांडलेले असतात, सँडविच, स्पॅगेटी, हिरवागार क्रीम सोडा, सगळं अगदी खऱ्यासारखं. माझ्या दुकानातल्या नापोलितानमधला काटा हवेत उभा आहे, त्याला स्पॅगेटी गुंडाळलेली, आणि उन्हाने त्याचा लाल रंग विटून विटकरी झालाय. जपानी वाचता येत नसेल तर हेच मेनूकार्ड समजा, आतला मेनू हाताने लिहिलेला असतो आणि फोनवरच्या ट्रान्सलेशनला ते अक्षर लागत नाही, सरळ बोट दाखवायचं.

आत गेलं की वाइन रंगाच्या मखमली खुर्च्या, बसल्यावर खाली जातात अशा, आणि टेबल गुडघ्याच्या जरा वर. हे कॉफीसाठी छान आहे पण जेवायला वाकावं लागतं, सवय होते. बसल्या बसल्या बर्फाचं पाणी आणि गरम ओल्या नॅपकिनची गुंडाळी येते, ओशिबोरी म्हणतात तिला, हात पुसायला. पाण्याचे पैसे नाहीत आणि ग्लास अर्धा झाला की न सांगता भरला जातो, मी कधी बघितलंच नाही त्यांना कसं कळतं ते, पाठ असते आपल्याकडे तरी येतात.

ऑर्डर देताना एक प्रश्न हमखास येणार आणि हा प्रश्न कळला की अर्धं काम झालं. लंच सेटमध्ये कॉफी असतेच, ती जेवणाबरोबर हवी का नंतर असं विचारतात. नंतर म्हणायचं. शोकुगो. हा एक शब्द पाठ करून जा, शोकुगो म्हणजे जेवण झाल्यावर. त्या मुलाने घाईत जेवणाबरोबर सांगितली, कॉफी आधी आली, स्पॅगेटी येईपर्यंत निवली, आणि मग केचपच्या गोड चवीवर ती कडू कॉफी, कशाचाच मेळ बसला नाही. या जेवणाला एक क्रम आहे, गोड-आंबट-तुपकट असं आधी, आणि ते सगळं धुऊन काढणारी काळी कडू कॉफी शेवटी, आणि त्यांच्यामध्ये मास्टरांच्या मिसेस येऊन रिकामी ताटली उचलून टेबल पुसून जातात तेवढा वेळ. तो वेळ पण जेवणाचाच भाग आहे असं मला मनापासून वाटतं.

आता नापोलितान. नाव नेपल्सवरून आलंय पण इटलीशी याचा काही संबंध नाही. योकोहामाच्या हॉटेल न्यू ग्रँडमध्ये युद्धानंतर अमेरिकन सैन्य उतरलं होतं, तिथले शेफ शिगेतादा इरिए यांनी सैनिकांना स्पॅगेटीवर केचप घालून खाताना पाहिलं आणि त्यावरून हा पदार्थ रचला असं मानतात, त्यांनी स्वतः टोमॅटो वापरला होता, पुढे स्वस्तातल्या दुकानांनी आणि किस्सातेननी केचपच घेतला आणि तीच चव देशभर घराघरात गेली. म्हणजे हा जपानचा स्वतःचा पदार्थ आहे आणि त्याच नजरेने खायचा.

मी काउंटरला बसते त्यामुळे मास्टर कसं करतात ते शेकडो वेळा बघितलंय. स्पॅगेटी जाड, २.२ मिलीमीटरची, ती सकाळीच भरपूर वेळ उकडून, तेल चोळून झाकून ठेवलेली असते. मुद्दाम. थांबून थांबून ती फुगते आणि मऊ होते, आतला तो कडक कणा उरत नाही. ऑर्डर आली की लोखंडी तव्यात, खोलगट काळा तवा आहे त्यांचा, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, मशरूम आणि हॅमचे तुकडे परततात, मग त्यांना कडेला सारून तव्याच्या रिकाम्या जागेवर केचप ओततात आणि तो एकटाच शिजू देतात. हे बघण्यासारखं आहे. चर्रर्र आवाज होतो, कडेने बुडबुडे येतात, लाल रंग गडद होत जातो आणि आंबट वाफ नाकात जाते, तोपर्यंत मास्टर हात लावत नाहीत. तो आंबटपणा उडाला आणि केचप जरासा करपल्यासारखा झाला की मग स्पॅगेटी टाकतात, शेवटी लोण्याचा एक तुकडा. म्हणजे नुसता केचप म्हणजे बाटलीतून काढून वर ओतलेला नाही. तव्याला लागलेला, खरपूस झालेला केचप आहे, आणि कडक स्पॅगेटीला तो असा धरत नाही, मऊ झालेल्यालाच चिकटतो. त्यामुळे जास्त शिजलाय ही तक्रार या पदार्थाबाबत गैरलागू आहे, मऊ भाताला कोणी मोकळा का नाही म्हणून नावं ठेवत नाही तसं.

टेबलावर चीज पावडरचा डबा आणि टबॅस्को या तिखट सॉसची छोटी बाटली असते. पहिले चार घास काही न घालता खा, मग चीज, आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याला टबॅस्को. आपल्या जिभेला सुरुवातीला गोड वाटतं हे मान्य, टबॅस्कोने ते ताळ्यावर येतं. पांढरा शर्ट घालून मात्र जाऊ नका, काट्यावरून शेवटचं टोक सुटतं तेव्हा केचप उडतोच.

शाकाहारी लोकांसाठी. सोपं नाहीये पण अशक्यही नाही. नापोलितानमध्ये हॅम किंवा सॉसेज असतंच, ते नको असेल तर हामु नुकि दे ओनेगाइशिमास म्हणायचं, नुकि म्हणजे वगळून, पण दुपारी बाराला गर्दीत भाज्या आधीच हॅमबरोबर कापून ठेवलेल्या असतात, त्यामुळे एकनंतर जाऊन सांगितलं तर बरं, आणि तवा तोच असतो हे लक्षात ठेवा. करी राइस दिसेल, तो टाळा, त्यात बऱ्याचदा बीफ किंवा पोर्क असतं आणि नसलं तरी करीच्या तयार मसाल्यात बहुतेक वेळा प्राण्यांची चरबी असते. अंडं चालत असेल तर एग सँडविच डोळे मिटून घ्या. टोकियोकडे उकडलेलं अंडं कुस्करून मेयोनीजमध्ये, आणि ओसाका-क्योटोकडे जाड गरम ऑम्लेट ब्रेडमध्ये, दोन्ही सुंदर. ब्रेडच्या कडा काढलेल्या, ब्रेड इतका मऊ की बोटाचे ठसे उमटतात. अंडंही चालत नसेल तर जाड टोस्ट, दोन बोटं जाड स्लाइस, वरून चौकोनी काप देऊन त्यात लोणी मुरवलेलं. पिझ्झा टोस्टही असतो पण त्यावर सलामी नाहीये ना ते विचारून घ्या.

मार्चमध्ये बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. जिना खाली उतरणारा, तळघरात दुकान, पायऱ्या उभ्या आणि कठडा एकाच बाजूला, बाबांच्या गुडघ्यांमुळे मला धाकधूक होती पण ते हळूहळू उतरले. बाबा अंडं खातात, मांस नाही, त्यांनी एग सँडविच घेतलं आणि पहिला अर्धा तास ते काही बोललेच नाहीत, मला वाटलं आवडलं नाही. मग कॉफीची वेळ झाली.

आमच्या मास्टरांकडे कॉफी सायफनवर होते. काचेची दोन भांडी एकावर एक, खालच्यात पाणी, वरच्यात दळलेली कॉफी, मध्ये कापडाची गाळणी, खाली स्पिरिटचा छोटा दिवा. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, पस्तीस वर्षं. मास्टरांनी दिवा पेटवल्याबरोबर बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. खालचं पाणी तापलं आणि नळीतून वर चढायला लागलं तसे मला म्हणाले, अगं बघ, उकळून वर नाही उडालेलं ते, खालच्या भांड्यात वाफ कोंडली ना, ती ढकलतीये पाण्याला. मास्टरांनी बांबूच्या चपट्या पट्टीने वरची कॉफी हलवली, एक फेरा, थांबले, परत एक फेरा, साधारण मिनिटभर ठेवलं आणि दिवा बाजूला घेतला. बाबा म्हणाले, आता बघ, आता खालची वाफ निवेल, आकसेल, जागा रिकामी होईल आणि वरचं सगळं खाली ओढलं जाईल. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही आणि मग एकदम सर्रकन सगळी कॉफी गाळणीतून खाली उतरली, वर ओल्या भुकटीचा छान घुमट राहिला आणि खालच्या भांड्यात सोनेरी फेस आला. मास्टरांना मराठी येत नाही आणि बाबांना जपानी, पण बाबांचं बोट आणि मान बघून त्यांना कळलं हा माणूस काय समजावतोय ते, आणि त्यांनी शेजारच्या टेबलाची दुसरी कॉफी लावताना सायफन बाबांच्या समोर सरकवला, नीट दिसावं म्हणून. मग बाबा बोलायला लागले, ते संध्याकाळपर्यंत.

कॉफी कशी लागते ते सांगायचं तर, फार गरम असते, पहिले पाच मिनिटं थांबा. भाजणी गडद, कडू, पण जिभेवर राख राहत नाही, स्वच्छ कडू. आंबट फळांच्या चवीची हल्लीची कॉफी आवडत असेल तर ही जुन्या वळणाची वाटेल. दूध छोट्या स्टीलच्या पिटुकल्या जगमध्ये वेगळं येतं. मी घालत नाही, बाबांनी दोन जग संपवले आणि मिसेसनी तिसरा न मागता आणून ठेवला.

आता ज्या गोष्टी खटकतात त्या पण सांगते. सगळ्यात मोठी म्हणजे सिगारेट. जपानमध्ये एप्रिल २०२० पासून हॉटेलांत आत सिगारेट ओढायला बंदी झाली, पण आधीपासूनच्या लहान दुकानांना सूट आहे, दारावर तशी पाटी लावून ते चालू ठेवू शकतात, आणि जुनी किस्सातेन बरीचशी त्यातच मोडतात. अशा ठिकाणी २० वर्षांखालच्या कोणालाही आत घेत नाहीत, मुलं बरोबर असतील तर आधी दारावरची पाटी बघा, नाहीतर खाली उतरून परत वर यावं लागतं. आमच्या दुकानात पण ओढतात. दुपारी कमी असतं, तरी घरी आल्यावर ओढणीला वास येतो आणि मला तो अजिबात आवडत नाही, यावर माझ्याकडे काही उपाय नाही, दाराजवळचं टेबल मागते एवढंच. दम्याचा त्रास असेल तर अशी जागा टाळाच, धूरबंदी असलेली किस्सातेन पण पुष्कळ आहेत.

दुसरं म्हणजे वेळ. शेगडी एक, हात दोन. बारा ते एक ऑफिसची गर्दी असते तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात, पाऊण तासाची सुट्टी असेल तर जाऊच नका, जीव वर-खाली होईल आणि त्या माणसालाही घाई करावीशी वाटेल. सव्वाच्या पुढे जा. कार्ड चालत नाही, फोनवरून पेमेंट नाही, रोख न्या, आणि दहा हजार येनची नोट देऊन सुट्टे मागू नका. वायफाय नाही. लॅपटॉप उघडून बसलेला माणूस मी तिथे आजवर पाहिला नाही, कोणी काही म्हणणार नाही बहुधा, पण नका करू. फोटो काढायचा तर आपल्या ताटलीचा काढा, आधी विचारून, बाकीची माणसं त्यात येऊ देऊ नका.

पैसे. लंच सेट ११०० येन, त्यात नापोलितान किंवा सँडविच, कोबीची छोटी सॅलड आणि कॉफी. नुसती कॉफी ५५० ला आहे. स्टेशनजवळच्या चेनमध्ये याहून कमी पैशांत पोट भरतं हे खरंय. १९८० मध्ये दोतोर या कॉफीच्या चेनने टोकियोत हाराजुकूला पहिलं दुकान काढलं ते १५० येनच्या कॉफीवर, उभ्या उभ्या प्या आणि जा, आणि त्यानंतर किस्सातेनचं गणित बिघडत गेलं. १९८१ साली देशभरात दीड लाखाहून जास्त होती, आता निम्मीही नाहीत. मास्टर म्हातारे होतात, मुलं दुसरीकडे नोकरीला, आणि एक दिवस शटरवर कागद लागतो, इतकी वर्षं आलात त्याबद्दल आभार. माझ्या जुन्या ऑफिसजवळचं दुकान असंच गेलं, मी दोन आठवडे सुट्टीवर होते तेवढ्यात. त्यामुळे ५५० येन कॉफीला जास्त आहेत का असं कोणी विचारलं की मी भांडायला उठते. एका कपासाठी पाण्याचा ग्लास चार वेळा भरतात, तासभर बसलात तरी बिल पुढे करत नाहीत, आणि तीच खुर्ची तुम्हाला उद्याही मिळते.

बिल म्हणजे टेबलावर तिरक्या कापलेल्या पारदर्शक नळीत एक कागदाची चिठ्ठी गुंडाळून ठेवलेली असते, ती घेऊन आपणच दाराजवळ जायचं. टिप ठेवायची नाही, ठेवलीत तर मागे धावत येऊन परत देतील. गोचिसोसामा म्हणा, जेवण झाल्यावर म्हणायचा शब्द आहे, एवढ्यानेही त्यांचा चेहरा खुलतो. नेहमी येणाऱ्यांना मास्टर उलट इत्तेराश्शाइ म्हणतात, घरातून कामाला निघणाऱ्या माणसाला घरचे म्हणतात तो शब्द, आपल्याकडे जाऊन ये म्हणतो ना, तो. मला दीड वर्षाने म्हणाले. बाबांना पहिल्याच दिवशी म्हणाले, जिना चढताना मागून.

त्या मुलाला मी परत नेणार आहे, या वेळी शोकुगो सांगून. आणि पुरिन खाल्ल्याशिवाय सोडणार नाही, कडक घट्ट कस्टर्ड, वर जवळजवळ काळं कॅरॅमल, स्टीलच्या पायाच्या वाटीत. सकाळी ठरावीकच करतात आणि दोनच्या आत संपतात, त्यामुळे हवं असेल तर जेवण सांगतानाच एक बाजूला ठेवायला सांगा.